कलम ७९ : एका सवलतीचे भाष्य

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधले कलम ७९ आज ज्या रूपात आहे, ते २००८च्या दुरुस्तीने आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. मूळ मजकूर इंग्रजी. खाली त्याचा आशय ओळीओळीने घेतला आहे.

“त्या त्या वेळी अंमलात असलेल्या कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी, परंतु पोटकलमे (२) व (३) यांच्या अधीनतेने…”

एका दमात दिले आणि त्याच दमात राखून ठेवले. ‘काहीही असले तरी’ म्हणत ही ओळ बदनामीपासून अश्लीलतेपर्यंतचे सगळे कायदे बाजूला सारते. मात्र याच अधिनियमाचे कलम ८१ कॉपीराइट आणि पेटंट यांना अभय देते. या आधारावर एका संगीत कंपनीने मायस्पेस या समाजमाध्यमाला कोर्टात खेचले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये दोन्ही कलमे एकत्र वाचून मार्ग काढला. ‘अधीनतेने’ या शब्दाचा पल्ला पुढे कळेल.

“…मध्यस्थ हा त्रयस्थाच्या माहितीबद्दल जबाबदार असणार नाही.”

मध्यस्थाच्या व्याख्येत टेलिकॉम कंपनी, सर्च इंजिन, ऑनलाइन बाजारपेठ आणि कोपऱ्यावरचा सायबर कॅफे हे सगळे एकाच रांगेत बसतात. या ओळीमागे २००४चे बाझी डॉट कॉम प्रकरण आहे. कुणा वापरकर्त्याने एक आक्षेपार्ह चित्रफीत तिथे विक्रीला लावली आणि अटक झाली ती कंपनीच्या प्रमुखाला. तेव्हाच्या कलमात आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे मध्यस्थालाच सिद्ध करावे लागे. आणि त्रयस्थ कोण? तुम्ही-आम्ही. मजकूर ज्याचा, तोच या कायद्यात तिऱ्हाईत.

“(२)(क) त्याचे काम केवळ संपर्कयंत्रणा उपलब्ध करून देण्यापुरते असेल, किंवा (ख) तो प्रक्षेपण सुरू करत नसेल, ते कोणाला मिळावे हे ठरवत नसेल, आणि त्यातील माहिती निवडत वा बदलत नसेल…”

भाडेकरूच्या खोलीतल्या भांडणाला चाळमालक जबाबदार नाही, हा इथला हिशेब. इंटरनेट पुरवठादाराला तो चपखल बसतो, रील्सच्या जमान्यात मात्र उसवतो. नागपूरच्या मुलाच्या फोनवर आता कोणती चित्रफीत यावी, हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो. मग ‘कोणाला मिळावे हे ठरवत नसेल’ ही अट पाळली म्हणायची का? निवड यंत्राने आपोआप केली, माणसाने जाणूनबुजून नाही, असा युक्तिवाद कंपन्या करतात. मला तो पटत नाही. यंत्र कोणाचे, आणि जास्त वेळ पाहिले गेले तर पैसा कोणाचा? सरकारने मध्यस्थांसाठी केलेल्या २०२१च्या नियमांनी एवढेच स्पष्ट केले की, नियमांनुसार मजकूर काढून टाकणे म्हणजे या अटींचा भंग नव्हे. अल्गोरिदमने मजकूर वर ढकलण्याबद्दल त्या खुलाशात अवाक्षर नाही.

“(ग) तो योग्य ती दक्षता घेत असेल आणि केंद्र सरकार विहित करील अशी मार्गदर्शक तत्त्वे पाळत असेल.”

सगळ्या कलमाचे वजन माझ्या मते या ओळीवर आहे. संसदेने सवलत दिली आणि तिच्या अटी लिहिण्याचे काम सरकारकडे सोपवले. २०११चे नियम आटोपशीर होते. २०२१च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना भारतात राहणारे अधिकारी नेमायला लावले. संदेशसेवांना तर मूळ संदेश कोणी धाडला ते शोधून देण्याची सोय ठेवायला सांगितले. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. नियम मोडला की सवलत गेली.

२०२३मध्ये सरकारने आणखी एक अट घातली: केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा जो मजकूर सरकारचाच तथ्य-तपासणी कक्ष खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवील, तो प्रसारित होऊ नये म्हणून मध्यस्थाने प्रयत्न करावेत. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच! विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते विरुद्ध पडली. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, न्या. अतुल चांदूरकरांकडे गेले आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या मताने ती तरतूद घटनाबाह्य ठरली. एक अट गळाली. अटी घालण्याचा अधिकार मात्र तसाच आहे.

“(३)(क) त्याने बेकायदेशीर कृत्यासाठी कट केला, साहाय्य केले वा चिथावणी दिली असेल तर संरक्षण नाही.”

यात वादाला जागा नाही.

“(ख) प्रत्यक्ष माहिती मिळाल्यावर, किंवा सरकारने वा त्याच्या यंत्रणेने कळवल्यावर, तो मजकूर त्वरेने काढला नाही तर…”

कुणी ईमेल केला की ‘माहिती मिळाली’ असे धरले, तर प्रत्येक तक्रारीवर मजकूर उडेल. कोर्टकचेरी अंगावर घेण्यापेक्षा डिलीटचे बटण स्वस्त. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे ओळखून ओळ आखडली: माहिती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना, आणि तीही घटनेच्या अनुच्छेद १९(२)च्या चौकटीत. हाच तो निकाल, ज्याने ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारे कलम ६६अ रद्द केले. त्या खटल्याला निमित्त पालघरचे: बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला, आणि ते लाइक करणाऱ्या दुसरीला नोव्हेंबर २०१२मध्ये अटक झाली होती.

खाजगी तक्रारीचे दार न्यायालयाने असे लोटले, पण सरकारी सूचनेचे सताड उघडे राहिले. तिथूनच गृह मंत्रालयाचे ‘सहयोग’ पोर्टल आले. कोणता मजकूर काढायचा, ते सरकारी यंत्रणा त्यावरून थेट कंपन्यांना कळवतात. एक्स या समाजमाध्यमाची त्याविरुद्धची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये फेटाळली. पुढच्याच महिन्यात सरकारने नियम बदलून अशी सूचना देणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा वर नेला, पोलिसांत किमान उपमहानिरीक्षक. सूचना देणाराही सरकारी, तपासणाराही सरकारीच.

“…पुराव्याला बाधा न येऊ देता.”

काढलेल्या मजकुराची प्रत कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायची, असे २०२१चे नियम सांगतात. मोठ्या समाजमाध्यमाने आपणहून मजकूर काढला, तर ज्याने तो लिहिला त्याला आधी कारणासह कळवावे, हेही त्याच नियमांत आहे. सरकारच्या सूचनेवरून काढला, तर त्याला कळवण्याचे बंधन या नियमांत नाही.