सुरतेचा किबला आणि क्रमित जोडी

सुरत म्हटले की मराठी वाचकास १६६४ व १६७० ही साले आठवतात. मोगल काळात या बंदराची आणखी एक ओळख होती. हिंदुस्थानातील हजयात्रेकरू येथूनच जहाजाने निघत. म्हणून सुरतेस 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचे द्वार, म्हणत. या द्वारातून मक्का नेमकी कोणत्या दिशेस, हा प्रश्न मुळात क्रमित जोड्यांचा आहे.

रेखांश आधी लिहिला तर सुरतेची जोडी (७२.८, २१.२) आणि मक्केची (३९.८, २१.४). सुरतेच्या जोडीतील संख्यांची अदलाबदल केली तर आपण नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडतो! अरबी-फारसी कोष्टकांत सामान्यतः 'तूल' म्हणजे रेखांश आधी व 'अर्ज' म्हणजे अक्षांश नंतर येतो. आजचा भूगोल अक्षांश आधी सांगतो. क्रम कोणताही चालेल, पण तो ठरलेला हवा. आरंभबिंदूही ठरलेला हवा. कोणी तूल खालिदात बेटांपासून मोजी, कोणी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून, आणि दोहोंत दहा अंशांचे अंतर पडे.

अशी कोष्टके अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहेत, तशीच लाहोरच्या कारागिरांनी घडविलेल्या यंत्रराजांवरही कोरलेली आढळतात. जौनपूरच्या सादिक इस्फहानीने १६४७ मध्ये आडव्या-उभ्या रेषांच्या चौकटी आखून त्यांत गावे बसविली. देकार्तचा भूमितिग्रंथ १६३७ चा. परंतु गावे चौकटीत मांडण्याची रीत टॉलेमीच्या भूगोलापासून चालत आलेली आहे. देकार्तचे नवेपण बिंदू मांडण्यात नसून समीकरणास वक्ररेषा जोडण्यात आहे, हे आपली पाठ्यपुस्तके क्वचितच स्पष्ट करतात.

आता किबल्याकडे वळू. सपाट आलेखावर सुरत व मक्का जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतात, तेव्हा किबला सरळ पश्चिमेस असावा असे वाटते. पृथ्वी मात्र गोल आहे. गोलावरील सर्वांत जवळची वाट धरल्यास सुरतेचा किबला पश्चिमेपासून सुमारे साडेसहा अंश उत्तरेकडे सरकतो. नागपूर (७९.१, २१.१) सुरतेच्याच अक्षांशावर आहे, तरी तेथे हा कोन सुमारे आठ अंश भरतो. म्हणजे केवळ अक्षांश पाहून भागत नाही. अल्-बिरूनीने १०२५ च्या सुमारास 'तहदीद' या ग्रंथात गझनीचे तूल-अर्ज काटेकोरपणे ठरविण्याचा एवढा खटाटोप केला, त्यामागे किबल्याचाही प्रश्न होता.

गणिताच्या भाषेत, प्रत्येक जोडीस एकच कोन मिळतो, म्हणून हा संबंध 'फल' होय. उलट एकाच कोनाची गावे मात्र अनेक. अपवाद दोनच: खुद्द मक्का आणि पृथ्वीगोलावर तिच्या बरोबर विरुद्ध असलेला बिंदू.

पडताळा कोणासही घेता येईल. दरवर्षी २८ मेच्या सुमारास दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी, आणि १६ जुलैच्या सुमारास २ वाजून ५७ मिनिटांनी, सूर्य मक्केच्या डोक्यावर असतो. त्या क्षणी सुरतेत उभ्या काठीची सावली किबल्याच्या बरोबर उलट दिशेस पडते. जुलैत ढग नसले तर!