रेट्रोपाय खेळयंत्रातील बिनतारी जोडणीचे दोष

रेट्रोपाय ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारी, जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठीची मुक्त प्रणाली आहे. तिच्या आधारे घरी तयार केलेल्या खेळयंत्राचा वाय-फाय किंवा ब्लूटूथ संपर्क न होणे, वारंवार तुटणे अथवा संथ होणे या अडचणींचा समावेश बिनतारी जोडणीच्या दोषांत होतो. कार्डावर आधीच असलेले खेळ चालवण्यासाठी इंटरनेट लागत नाही; मात्र फायली पाठवणे, खेळांची चित्रे व माहिती उतरवणे, प्रणाली अद्ययावत करणे आणि बिनतारी कंट्रोलर वापरणे ही कामे या जोडणीवर अवलंबून असतात. दोषाचे मूळ पुष्कळदा वाय-फायमध्ये नसून वीजपुरवठा, देशाची निवड किंवा यंत्राचे आवरण यांत असते.

पार्श्वभूमी

२०१२ साली विक्रीस आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये वाय-फाय नव्हते; त्यासाठी यूएसबी डोंगल लावावा लागे. बोर्डावरच वाय-फाय व ब्लूटूथची सोय २०१६ च्या रास्पबेरी पाय ३बी पासून झाली. ३बी, झीरो डब्ल्यू (२०१७) आणि झीरो २ डब्ल्यू (२०२१) हे बोर्ड केवळ २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर चालतात. ३बी+ (२०१८), पाय ४ (२०१९) आणि पाय ५ (२०२३) हे बोर्ड ५ गिगाहर्ट्‌झ पट्टाही वापरू शकतात. त्यामुळे राउटरने दोन पट्ट्यांना वेगळी नावे दिली असल्यास ३बी बोर्डाला ५ गिगाहर्ट्‌झचे नाव दिसत नाही. हा बिघाड नसून बोर्डाची मर्यादा आहे.

कारणे

वीजपुरवठा

पाय ३ साठी ५.१ व्होल्ट व २.५ अँपिअर, तर पाय ४ साठी ५.१ व्होल्ट व ३ अँपिअर क्षमतेचा अडॅप्टर सुचवला जातो. भ्रमणध्वनीचा साधा चार्जर किंवा बारीक तारेची केबल वापरल्यास भार वाढताच व्होल्टेज उतरते. ते सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह उमटते. यूएसबी डोंगल अशा वेळी बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. मेनूमध्ये संपर्क टिकतो पण खेळ सुरू होताच तुटतो, असे लक्षण असल्यास प्रथम वीजपुरवठा तपासला जातो.

देशाची निवड

वाय-फायच्या वाहिन्यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. प्रणालीत देश ठरवलेला नसेल, तर ५ गिगाहर्ट्‌झ क्षमता असलेल्या बोर्डांवर वाय-फाय सॉफ्टवेअरद्वारे बंद ठेवलेले असते. चुकीचा देश निवडल्यासही अडचण येते. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील १ ते १३ या वाहिन्या वापरता येतात, तर अमेरिकेत सामान्यतः १ ते ११ वापरल्या जातात. राउटर १३ व्या वाहिनीवर असून यंत्रात अमेरिका निवडलेली असल्यास ते नेटवर्क यादीत येत नाही. भारतासाठी ‘आयएन’ हा संकेत निवडला जातो.

आवरण व जागा

धातूची पेटी रेडिओलहरी अडवते. जुन्या कन्सोलच्या रिकाम्या सांगाड्यात बोर्ड बसवण्याची पद्धत लोकप्रिय आहे. परंतु निन्टेन्डोच्या एनईएससारख्या यंत्रात प्लास्टिकच्या आत धातूचे कवच असते. ते तसेच ठेवल्यास बोर्डावरील अँटेना झाकला जातो. यंत्र दूरचित्रवाणीच्या मागे ठेवल्यानेही संकेत क्षीण होतो.

हस्तक्षेप

२.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा वाय-फाय, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह भट्टी या सर्वांचा सामायिक आहे. यूएसबी ३.० ची साधने व केबलही या पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात. त्यामुळे पाय ४ ला बाह्य डिस्क जोडल्यावर संपर्क बिघडल्यास डिस्क दूर ठेवणे, ती यूएसबी २.० च्या खाचेत लावणे किंवा ५ गिगाहर्ट्‌झ वापरणे उपयोगी ठरते. दाट वस्तीच्या इमारतीत राउटरसाठी एकमेकांवर न चढणाऱ्या १, ६ व ११ या वाहिन्यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडली जाते.

संरचना फाइल

नेटवर्कचे नाव व संकेतशब्द संगणकावर लिहून कार्डाच्या बूट विभागात ठेवण्याची सोय आहे. विंडोज फायलींची विस्तारनामे लपवत असल्याने नावाच्या शेवटी नकळत जादा ‘.टीएक्सटी’ लागते व प्रणालीला फाइल सापडत नाही. सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हे पडल्यासही संकेतशब्द नाकारला जातो. २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएस नेटवर्क मॅनेजर वापरते. त्यामुळे डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या फाइलवर आधारलेल्या जुन्या कृती तिथे लागू पडत नाहीत.

निदान

निदान यंत्रापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने केले जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलल्यास खरे कारण ओळखता येते.

१. वीज: ‘व्हीसीजेनसीएमडी’ आज्ञेने यंत्र सुरू झाल्यापासून व्होल्टेज उतरले होते का, हे कळते. उत्तर शून्य आल्यास वीजपुरवठा ठीक समजला जातो.
२. संकेताची तीव्रता: उणे ५० डीबीएम हा सशक्त, तर उणे ८० डीबीएम हा जवळजवळ निरुपयोगी संकेत होय.
३. पत्ता: रेट्रोपाय मेनूतील ‘शो आयपी’ या पर्यायात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नसतो.
४. मार्ग: प्रथम राउटरला, मग बाहेरील अंकी पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग केले जाते. केवळ शेवटचा टप्पा अडल्यास दोष डीएनएसमध्ये असतो.
५. घड्याळ: पाय ५ पूर्वीच्या बोर्डांत बंद असतानाही चालणारे घड्याळ नसते. वेळ चुकीची असल्यास सुरक्षा प्रमाणपत्रे अमान्य ठरतात आणि जोडणी असूनही माहिती उतरत नाही.

यंत्राला इंटरनेट मिळते पण संगणकावरून खेळांचा फोल्डर उघडत नाही, असे झाल्यास राउटरचे पाहुण्यांसाठीचे नेटवर्क तपासले जाते; त्यात साधनांना परस्परांपासून वेगळे ठेवलेले असू शकते. वसतिगृहांतील नेटवर्कवर ब्राउझरमधून प्रवेश करावा लागत असल्यास खेळयंत्राची जोडणी अर्धवट राहते.

बिनतारी कंट्रोलर

बोर्डावरील ब्लूटूथ व वाय-फाय एकाच चिपमध्ये असतात. मोठी फाइल उतरत असताना कंट्रोलरचा प्रतिसाद उशिरा येऊ शकतो. वाय-फाय ५ गिगाहर्ट्‌झवर नेल्यास हा ताण कमी होतो. जुन्या लिनक्स कर्नेलवर एक्सबॉक्स वनचे ब्लूटूथ कंट्रोलर जोडण्यासाठी ‘ईआरटीएम’ ही सुविधा बंद करावी लागत असे.

प्रणाली नव्याने बसवणे

हा शेवटचा उपाय मानला जातो. वीज, आवरण किंवा राउटर यांतील दोष त्याने दूर होत नाही. उलट कार्डावरील सर्व माहिती पुसली जाते. रेट्रोपायमध्ये खेळांतील जतन केलेली प्रगती मूळ मांडणीनुसार खेळांच्याच फोल्डरमध्ये साठते. म्हणून कार्ड पुसण्यापूर्वी त्या फोल्डरची प्रत काढणे आवश्यक असते. वाय-फाय बंद असल्यास ही प्रत इथरनेट केबलद्वारे घेता येते. झीरो मालिकेत इथरनेटची खाच नसल्याने कार्ड लिनक्स संगणकाला लावून फायली उतरवल्या जातात.

हेही पहा

रास्पबेरी पाय
एम्युलेटर
वाय-फाय
ब्लूटूथ