चवदार तळ्याची 'शुद्धी' आणि ग्रामपंचायतीचं हिरवं कार्ड

महाडचा संगर आपण दरवर्षी २० मार्चला हक्काचा लढा म्हणून आठवतो, ते बरोबरच आहे. पण त्या प्रकरणात पाण्याची एक 'तपासणी'ही झाली होती. तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

क्रम बघा. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं कागदावर खुलं केलं. १९२७ मध्ये बाबासाहेब आणि हजारो लोक ते पाणी प्यायले, आणि पाणी 'बाटलं'. मग तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते परत तळ्यात ओतलं. तळं 'शुद्ध' झालं! रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू सापडून तोवर ४३ वर्षं झाली होती. घाण पाण्यात मिसळली की रोगराई येते, हे या देशात कळून चुकलं होतं. म्हणजे प्रतवारी पाण्याची नव्हतीच, पिणाऱ्याची होती. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

आज महाराष्ट्रात ही प्रतवारी पुरोहित करत नाही, सरकारी यंत्रणा करते. ही प्रगतीच आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाणी स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं: विहिरीभोवती घाण आहे का, पाइपलाइन गळते का, टीसीएल पावडर नियमित पडते का. जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. प्रयोगशाळेची तपासणी वेगळी. तिथले निकष ठरलेले आहेत: १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात नको, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत, फ्लोराइड फार तर दीड. जलजीवन मिशनच्या संकेतस्थळावर गावनिहाय निकाल कुणालाही पाहता येतात.

गोम पुढे आहे. कार्ड ग्रामपंचायतीला मिळतं, वस्तीला नाही. मी काम करतो त्या भागातल्या एका गावात कार्ड हिरवं, पाण्याचा नमुना टाकीजवळच्या नळाचा. बौद्धवाडा लाइनच्या शेवटी, पाइप गटारातून गेलेला. वाड्यात पावसाळ्यात जुलाबाचे पेशंट, कार्ड तरीही हिरवंच. यात कुणी खोटं लिहिलेलं नाही. वाड्यातलं पाणी मोजलंच नाही, एवढंच. एका गावावरून सगळ्यांबद्दल बोलू नये, मान्य. पण रचनाच अशी आहे की हे कुठेही घडू शकतं.

आणि वेगळी आकडेवारी ठेवता येत नाही, असं कुणी सांगू नये. २०११ च्या जनगणनेत पाणी घरात येतं की लांबून आणावं लागतं, याची माहिती अनुसूचित जातींच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र दिलेली आहे. घराच्या आवारात पाणी असलेल्या कुटुंबांचं प्रमाण त्यांच्यात एकूण सरासरीपेक्षा कमी आहे, हे त्यामुळेच ठामपणे मांडता येतं. अंतर जातवार मोजलं. गुणवत्ता मात्र गावाच्या खात्यावर एकत्र टाकली.

म्हणून ग्रामसभेत कार्डाच्या रंगावर भांडत बसू नका. मागच्या वर्षभरातल्या पाणी नमुन्यांचं रजिस्टर मागा, दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. त्यातले दोनच रकाने आधी वाचा: नमुना घेतल्याची तारीख आणि ठिकाण. वाड्यातला नळ त्यात नसेल, तर पुढचा नमुना शेवटच्या नळावरून, आपल्यासमोर घ्यायला लावा.