पाय किती वेळ बधिर?

१८९८ चा ऑगस्ट, जर्मनीतलं कील शहर. संध्याकाळी आडव्या पडलेल्या डॉक्टर हिल्डेब्रांट यांच्या पायाशी तुम्ही उभे आहात. पाठीत औषध टोचून भूल देता येते का, हे पाहणारे सर्जन ऑगस्ट बीअर थोड्या वेळापूर्वी स्वतः आडवे होते आणि सुई हिल्डेब्रांटच्या हातात होती. पण सिरिंज सुईला नीट बसेना. औषध वाया गेलं, बीअरच्या मणक्यातलं बरंच पाणी गळून गेलं.

आता पाळी सहायक हिल्डेब्रांटची. पाठीत कोकेन जातं, जेमतेम ५ मिलिग्रॅम. बीअर त्याच्या मांडीत सुई खुपसतात, पेटती सिगार पायाला टेकवतात, नडगीवर लोखंडी हातोडी हाणतात. तुमचेच डोळे मिटतात. हिल्डेब्रांट शांत! पाऊण तासाने संवेदना परतू लागते. रात्री दोघे वाइन घेतात. पण मग हिल्डेब्रांटला ओकाऱ्या सुरू होतात, आणि बीअर नऊ दिवस अंथरुणात, उठलं की डोकं धरतं. स्वतःच्या अंगावर एवढं सोसून त्यांनी ते जसंच्या तसं लिहून ठेवलं, याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे.

कोकेन विषारी, म्हणून १९०५ पासून प्रोकेन आलं. ते सौम्य, पण लवकर उतरणारं. लांबलेल्या शस्त्रक्रियेत पुरत नाही.

आता १९४३ चं स्टॉकहोम. रसायनशास्त्रज्ञ लोफग्रेन यांनी बनवलेलं लिडोकेन लुंडक्विस्ट नावाचा तरुण स्वतःलाच टोचून पाहतोय. आपल्याकडचं ‘झायलोकेन’ ते हेच. पाठीत दिलं की पटकन चढतं, तास-दीड तास टिकतं. मात्र भूल उतरल्यावर काही रुग्णांच्या नितंबांत आणि पायांत दोन-तीन दिवस कळा येत राहतात. पाय वर बांधून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर तर जास्तच. पाठीच्या भुलीसाठी ते मागे पडलं ते यामुळे, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

आता आजच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावर तुम्हीच बसला आहात, पाठ वाकवून. बारीक सुईतून पाण्याचा थेंब दिसतो आणि ‘हेवी’ बुपिव्हाकेन आत जातं. त्यात ग्लुकोज मिसळलेलं असतं, त्यामुळे ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड होऊन उताराकडे सरकतं. म्हणून भूलतज्ज्ञ टेबल कलतं करून भूल कुठवर चढवायची ते ठरवतात. तळवे गरम होतात, पाय जड होतात, रक्तदाब उतरतो म्हणून कोणीतरी सतत मॉनिटरकडे बघत असतं. दोन-तीन तास निर्धास्त. सिझेरियनला, मांडीच्या हाडाला हेच उत्तम.

पण अर्ध्या तासाच्या कामासाठी तेवढा वेळ पाय लुळे ठेवून, लघवी अडवून पडणं कशाला? तिथे प्रोकेनच्याच कुळातलं क्लोरोप्रोकेन बरं. माणूस लवकर चालू लागतो. आणखी एक पर्याय रोपिव्हाकेन: त्याचा जोर बुपिव्हाकेनपेक्षा कमी, पायांतली ताकद लवकर परतते.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा नुसती मान डोलावू नका. कोणतं औषध देणार, पाय किती वेळ बधिर राहतील, घरी कधी जाता येईल, हे त्यांना स्पष्ट विचारा.