न्यूयॉर्कमधील निवडक सार्वजनिक विद्यालये : प्रवेश-परीक्षा, पूर्वतयारी आणि अध्यापनाचा दर्जा

प्रस्तावना

सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या शिक्षणव्यवस्थेत काही मोजकी विद्यालये केवळ गुणवत्तेच्या आधारे प्रवेश देणारी असावीत काय, आणि ती गुणवत्ता कोणत्या मापाने मोजावी, हा प्रश्न अनेक देशांत वारंवार उपस्थित झालेला आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचा अनुभव या संदर्भात विशेष उद्‌बोधक ठरतो. स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक ही तेथील तीन जुनी विद्यालये. तेथे शिक्षण विनामूल्य आहे. परंतु प्रवेश एकाच लेखी परीक्षेतील गुणांवर अवलंबून आहे. या परीक्षेभोवती पूर्वतयारीचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला. दुसरीकडे, या विद्यालयांची कीर्ती तेथील अध्यापनाची की तेथे निवडून येणाऱ्या विद्यार्थ्यांची, असाही प्रश्न पुढे आला. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेतला आहे.

परीक्षेचा उगम

स्टायव्हेसंट विद्यालयाची स्थापना १९०४ मध्ये मॅनहॅटनमध्ये मुलांना हस्तकौशल्य व यंत्रविद्या यांचे शिक्षण देण्यासाठी झाली. स्थलांतरितांची मुले मोठ्या संख्येने येऊ लागल्याने जागा अपुरी पडली आणि १९१९ मध्ये शाळा दोन पाळ्यांत भरवावी लागली. त्याच सुमारास शैक्षणिक प्रगती पाहून प्रवेश मर्यादित करण्यास आरंभ झाला आणि १९३४ मध्ये रीतसर प्रवेश-परीक्षा सुरू झाली. म्हणजेच, परीक्षेच्या मुळाशी बुद्धिमंतांची निवड करण्याचे तत्त्व जेवढे होते, तेवढीच जागेची टंचाईही होती, ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

ब्रुकलिन टेकची स्थापना १९२२ मध्ये झाली. १९३८ मध्ये मॉरिस माइस्टर यांच्या नेतृत्वाखाली ब्राँक्स सायन्स सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या शिक्षकवर्गात स्टायव्हेसंटमधून आलेल्या शिक्षकांचाही समावेश होता. या विद्यालयांच्या स्थैर्याची हमी मात्र कोणीही दिलेली नव्हती. टाउनसेंड हॅरिस हॉल हे असेच नावाजलेले निवडक विद्यालय महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत १९४२ मध्ये बंद करण्यात आले. तसेच 'गुणवत्ता' या शब्दाची व्याप्तीही दीर्घकाळ अपुरीच होती. ब्राँक्स सायन्समध्ये मुलींना १९४६ पासून प्रवेश मिळू लागला. स्टायव्हेसंटची दारे मात्र १९६९ मध्ये एका अल्पवयीन विद्यार्थिनीने न्यायालयात दाद मागितल्यानंतरच उघडली.

१९७१ चा कायदा

१९६९ मध्ये शहरातील शाळांचा कारभार विकेंद्रित होऊन स्थानिक मंडळांकडे गेला. त्यानंतर लवकरच मॅनहॅटनमधील एका स्थानिक मंडळाने ही परीक्षा कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन मुलांच्या बाबतीत पक्षपाती असल्याचा आक्षेप घेतला. शिक्षणप्रमुख हार्वे स्क्रिबनर यांनी परीक्षेची चौकशी करण्याचे सूतोवाच करताच पालक व माजी विद्यार्थी यांनी तीव्र विरोध केला. त्याचे पर्यवसान राज्य विधिमंडळाने १९७१ मध्ये संमत केलेल्या हेक्ट-कॅलँड्रा कायद्यात झाले. या कायद्याने तिन्ही विद्यालयांचा प्रवेश केवळ स्पर्धात्मक, वस्तुनिष्ठ लेखी परीक्षेने व्हावा असे ठरविले. शाळेतील प्रगती, शिक्षकांचे मत, मुलाखत यांपैकी कशालाही त्यात स्थान राहिले नाही. मात्र गुणरेषेच्या थोडे खाली राहिलेल्या गरीब विद्यार्थ्यांना उन्हाळी अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर प्रवेश देण्याची 'डिस्कव्हरी' ही तरतूद त्याच कायद्यात ठेवण्यात आली.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने परीक्षेला संरक्षण दिले. परंतु परीक्षेस बसणाऱ्या मुलाला त्यापूर्वी काय व कसे शिकवले जावे याविषयी काहीही म्हटले नाही. दाराची उंची कायद्याने निश्चित केली. दारापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या मात्र स्थानिक शाळांवर सोपविल्या. पुढील अर्धशतकातील बहुतेक वादांचे मूळ या विसंगतीत सापडते.

पूर्वतयारीची पहिली वाट : शाळा

विसाव्या शतकाच्या मध्यास या परीक्षेची तयारी प्रामुख्याने सार्वजनिक शाळाच करून घेत असत. अनेक कनिष्ठ विद्यालयांत हुशार मुलांसाठी जलद प्रगतीचे स्वतंत्र वर्ग होते. त्यांत तीन वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत पूर्ण होई. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या, शिवणकाम किंवा फेरीचा धंदा करणाऱ्या पालकांची मुले या वर्गांतून पुढे आली.

ही व्यवस्था सर्वांना समान नव्हती; तथापि तिचा परिणाम कृष्णवर्णीय वस्त्यांतही दिसत होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रुकलिन टेकमधील जवळपास निम्मे विद्यार्थी कृष्णवर्णीय होते. याउलट मार्च २०१९ मध्ये स्टायव्हेसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी केवळ ७ जागा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिळाल्या. त्या वेळी शहरातील सार्वजनिक शाळांतील सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थी कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक होते. ही विद्यालये वेगळी असल्याने दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. परंतु घसरणीची दिशा सर्वच विद्यालयांत सारखी होती.

कायदा तोच आणि परीक्षेचे तत्त्वही तेच असताना असा पालट का झाला? केवळ परीक्षेचे स्वरूप हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण लेखी परीक्षा दोन्ही काळांत होतीच. पहिले कारण शाळांच्या पडझडीत आहे. १९७५ च्या आर्थिक संकटात शहराने हजारो शिक्षकांना कामावरून कमी केले. वर्ग फुगले आणि विशेष वर्गांचा बळी सर्वांत आधी गेला. दुसरे कारण म्हणजे, १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'प्रेप फॉर प्रेप' यांसारख्या उपक्रमांनी अल्पसंख्य समाजांतील अत्यंत हुशार मुलांना खासगी शाळांकडे वळविले. तिसरे कारण, १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आशियातून आलेल्या कुटुंबांची संख्या वाढली आणि स्पर्धेचे स्वरूप पालटले.

शहरातील शिक्षणाच्या विषमतेकडे 'एकॉर्न' या संघटनेने १९९६ व १९९७ मधील अहवालांतून लक्ष वेधले. ज्या भागांतील शाळांत आवश्यक गणितच पुरेसे शिकवले जात नाही, तेथील मुलांकडून त्या गणिताच्या परीक्षेची अपेक्षा कशी करावी, हा त्यामागील मूलभूत प्रश्न होता.

पूर्वतयारीची दुसरी वाट : शिकवणी वर्ग

परीक्षेच्या तयारीचा व्यवसाय न्यूयॉर्कला नवा नव्हता. स्टॅन्ली कॅप्लान यांनी १९३८ मध्ये ब्रुकलिनमधील आपल्या घरी शिकवणी सुरू केली होती; पुढे तिचेच एका मोठ्या संस्थेत रूपांतर झाले. तथापि निवडक विद्यालयांच्या प्रवेशासाठी तेरा वर्षांच्या मुलांना दोन-दोन वर्षे वर्गांना पाठविण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. फ्लशिंग, सनसेट पार्क, जॅक्सन हाइट्स या भागांत चिनी, कोरियन व बांगलादेशी स्थलांतरितांनी स्वतःचे शिकवणी वर्ग उभारले. ज्या देशांतून ही कुटुंबे आली, तेथे परीक्षेनेच आयुष्याची दिशा ठरते हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

या वर्गांकडे केवळ श्रीमंतांची सोय म्हणून पाहणे वस्तुस्थितीला धरून नाही. २०१० च्या दशकात स्टायव्हेसंटमधील बहुसंख्य विद्यार्थी आशियाई वंशाचे होते आणि एकूण विद्यार्थ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मुलांना अल्प उत्पन्नामुळे जेवणात सवलत मिळत होती. उपाहारगृहात किंवा टॅक्सीवर राबणाऱ्या पालकांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले शुल्क हे त्यांच्या दृष्टीने चैन नसून, ओळख किंवा वशिला लागत नसलेल्या एकमेव दारासाठी केलेली तजवीज होती. दुसऱ्या बाजूने, जेथे अशा वर्गांची माहितीच पोहोचली नव्हती, तेथील तितकेच हुशार मूल त्या दारापर्यंत आलेच नाही, हेही तितकेच खरे आहे.

परीक्षेच्या रचनेनेही तयारीला अधिक महत्त्व दिले. २०१७ पूर्वी तीत विस्कटलेली वाक्ये क्रमाने लावणे व तर्कविषयक कोडी सोडविणे असे प्रश्न असत. असे प्रश्न नेहमीच्या शालेय अध्यापनात नसत. त्यांची ओळख सरावानेच होत असे. अर्थतज्ज्ञ जोशुआ फाइनमन यांनी २००८ मधील आपल्या अहवालात आणखी एक बाब दाखवून दिली. मूळ गुणांचे श्रेणीगुणांत रूपांतर करण्याच्या पद्धतीमुळे वरच्या टोकाच्या एकेका अचूक उत्तराला मधल्या टप्प्यातील उत्तरापेक्षा अधिक मोल येई. परिणामी दोन्ही विषयांत चांगल्या असलेल्या मुलापेक्षा एका विषयात अत्युत्कृष्ट व दुसऱ्यात साधारण असलेल्या मुलाला लाभ होऊ शकत असे. ज्याला हे ठाऊक, त्याची तयारी त्या धोरणाने होणार, हे उघड आहे. २०१७ मध्ये वरील प्रश्नप्रकार वगळून परीक्षा शालेय अभ्यासक्रमाच्या जवळ आणण्यात आली. शहरानेही १९९० च्या दशकापासून मोफत तयारीचे वर्ग चालविले. परंतु काही महिन्यांच्या वर्गांनी अनेक वर्षांच्या अध्यापनाची उणीव भरून निघाली नाही.

विद्यालयांतील अध्यापनाचा दर्जा

या विद्यालयांच्या कीर्तीस आधार आहे, यात शंका नाही. स्टीव्हन वाइनबर्ग व शेल्डन ग्लॅशो हे १९७९ चे नोबेल मानकरी ब्राँक्स सायन्समध्ये एकाच तुकडीत होते. जोशुआ लेडरबर्ग व रोआल्ड हॉफमन हे नोबेल मानकरी स्टायव्हेसंटचे विद्यार्थी होते. अध्यापकवर्गातही नावाजलेली माणसे होती. पुढे लेखक म्हणून प्रसिद्धीस आलेले फ्रँक मकोर्ट यांनी १९८७ पर्यंत अनेक वर्षे स्टायव्हेसंटमध्ये इंग्रजी शिकविले. २००५ पर्यंत शिक्षकांच्या करारानुसार ज्येष्ठतेच्या बळावर बदली मागता येत असे. त्यामुळे अनुभवी शिक्षकांना अशा विद्यालयांकडे जाण्याची वाट खुली होती. मात्र अनुभवी शिक्षक जेथून निघाला, त्या शाळेचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

तरीही ज्येष्ठता म्हणजे अध्यापनाची गुणवत्ता नव्हे. या विद्यालयांतही वर्गात चौतीस विद्यार्थी असू शकत. विद्यार्थी मुळातच तयारीचे असल्याने साधारण अध्यापनाचे दोषही निकालात उमटत नसत. उत्तम निकाल हे अध्यापनाचे फळ की निवडीचे, हे ठरविण्यासाठी गुणरेषेच्या किंचित वर व किंचित खाली राहिलेल्या विद्यार्थ्यांची तुलना करण्याची पद्धत अर्थतज्ज्ञांनी योजिली. हे विद्यार्थी जवळजवळ सारखेच असतात. फरक असतो तो केवळ प्रवेशाचा. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट व पाठक यांच्या २०१४ मधील अभ्यासात न्यूयॉर्क व बॉस्टन येथील अशा विद्यालयांमुळे परीक्षांतील गुणांत फारशी वाढ होत नसल्याचे आढळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डॉबी व फ्रायर यांच्या अभ्यासात, न्यूयॉर्कच्या या विद्यालयांतील विद्यार्थी अधिक कठीण विषय घेतात, परंतु त्यांच्या पुढील महाविद्यालयीन प्रवेशावर विशेष परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला.

हे निष्कर्ष गुणरेषेलगतच्या विद्यार्थ्यांपुरते आहेत; अग्रभागी असलेल्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा, प्रगत विषय व समविचारी सोबती यांचा किती लाभ होतो, हे त्यावरून ठरत नाही. तथापि नावलौकिकावरून अध्यापनाचा दर्जा अनुमानित करणे किती धोक्याचे आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. परीक्षेवरच सारा भर दिल्याचे दुष्परिणामही दिसून आले. जून २०१२ मध्ये स्टायव्हेसंटमध्ये राज्याच्या परीक्षेची उत्तरे भ्रमणध्वनीवरून पुरविण्याचा प्रकार उघडकीस आला व त्यात अनेक विद्यार्थी गुंतलेले आढळले.

अलीकडील संघर्ष

सप्टेंबर २०१२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांनी केंद्रीय शिक्षण विभागाकडे या परीक्षेविरुद्ध तक्रार केली. जून २०१८ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी परीक्षा रद्द करून प्रत्येक शाळेतील आठवीच्या अग्रगण्य सात टक्के मुलांना प्रवेश देण्याचा प्रस्ताव मांडला. आशियाई पालकांनी त्यास कडाडून विरोध केला. ज्या नियमावर विसंबून मुलांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला, तो नियमच बदलणे हा आपल्यावर अन्याय आहे, अशी त्यांची भावना होती. २०१९ मध्ये तो प्रस्ताव विधिमंडळात संमत होऊ शकला नाही आणि १९७१ चा कायदा कायम राहिला. या संघर्षात दोन्ही बाजूंना उभे होते ते प्रामुख्याने अल्प उत्पन्नाचे नागरिक. मूठभर जागांसाठी एक गरीब समाज दुसऱ्यासमोर उभा ठाकला, ही या इतिहासातील सर्वांत खेदजनक बाब होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, प्रवेश-परीक्षा ही पूर्वीच्या अध्यापनाचे मापन करते. ती स्वतः अध्यापन करीत नाही. सार्वजनिक शाळांनी तयारीची जबाबदारी सोडली तेव्हा ती शिकवणी वर्गांनी उचलली, आणि जेथे वर्गही नव्हते तेथे ती कोणीच उचलली नाही. दुसरी, निवडक विद्यालयांचे यश हे बऱ्याच अंशी निवडीचे यश असल्याने त्यावरून अध्यापनाचा दर्जा ठरविता येत नाही. तिसरी, परीक्षेचे समर्थक व विरोधक हे दोघेही दाराविषयी भांडत राहिले. पायऱ्यांची डागडुजी मात्र दुर्लक्षित राहिली. १९८० च्या दशकातील ब्रुकलिन टेकचा दाखला असे सुचवितो की, लेखी परीक्षा कायम असतानाही वंचित समाजातील मुले मोठ्या संख्येने तेथवर पोहोचू शकत होती. त्यामुळे सुधारणेचा आरंभ आठवीच्या परीक्षेत न करता त्याआधीच्या वर्गांतील गणित व भाषेच्या अध्यापनात करणे अधिक न्याय्य ठरेल, असे हा इतिहास सूचित करतो.