वाकळ म्हणा, कौदी म्हणा

होटगी जंक्शनात रुळांना दोन वाटा फुटतात. एक विजापूर-गदगकडे जाते, दुसरी कलबुर्गी-वाडीकडे. दक्षिण सोलापुरातल्या या टापूच्या बोलण्यालाही दोन वाटा आहेत. मराठी घरातली वाकळ ती कानडी घरातली कौदी. पुण्याकडचा पाहुणा तिलाच गोधडी म्हणतो. पांघरूण एकच, जुनेराचं.

नावांची कुळं मात्र निराळी. गोधडी ही हिंदीतल्या गुदडीची बहीण. वाकळीचं नातं वल्कलाशी जोडतात. झाडाच्या सालीवरून चिंधीवर येणं मला तरी पटतं. संस्कृतातली कंथा बंगालात कांथा झाली. कौदीची चुलतबहीण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींकडे आहे, कवंदी. तिच्या चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्या लावतात. त्यांना 'फुला' म्हणतात, आणि त्या लागल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत.

वाकळीचं जन्मसाल विचारू नये. हातमागाचं कापड महाग, फाटलं म्हणून टाकणं परवडणारं नव्हतं, एवढंच कारण पुरेसं आहे. पुढे सोलापुरात गिरण्या आल्या, सोलापुरी चादर देशभर गेली. तरी चादरीच्या मुलखात माणसं निजली वाकळीवरच.

उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की ओट्यावर नऊवारी लुगडं अंथरायचं. कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, म्हणजे ते सरकत नाही. त्यावर धोतराचे, परकराचे, झबल्याचे तुकडे लावायचे, वरून दुसरं लुगडं. मग धावदोरा, कडेकडेने आत, चौकोनात चौकोन. गप्पा मारायला आलेली शेजारीणही सुई उचलते. तिचे टाके लांब पडतात, लगेच ओळखू येतात. पण ते कुणी उसवत नाही. टाकाऊ वस्तूंतून लोकसहभागाने कलाकृती उभारण्याचे उपक्रम हल्ली शहरांत होतात, खाली नावांचा फलकही लागतो. इथे सही म्हणजे तो लांब टाकाच.

आता सिंथेटिक साड्या आल्या. त्या वर्षानुवर्षं नेसल्या तरी लुगड्यासारख्या मऊ पडत नाहीत, घामही शोषत नाहीत. सुती लुगडी नेसणाऱ्या बायकाही थोड्याच उरल्या. घरात आजीची वाकळ असेल तर आजी आहे तोवर तिच्याजवळ बसा, एकेका ठिगळावर बोट ठेवा आणि विचारा, हे कुणाचं?