सभासद कोण?

आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत आजोबांचा साखर कारखान्याचा शेअर दाखला आहे. सातबाऱ्याचे उतारे ठेवतात त्याच पिशवीत तोही असतो. आजोबांना आम्ही अण्णा म्हणायचो. कारखान्याच्या वार्षिक सभेला ते इस्त्रीचं धोतर नेसून जायचे. तिथे ते कधी बोलले असतील असं वाटत नाही, पण घरी आल्यावर म्हणायचे, “चाळीस एकरवाल्याला एक मत आणि आपल्यालाही एकच.”

मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. पगारासोबत मला कंपनीचे थोडे शेअर मिळाले आहेत. जितके शेअर तितकी मतं हा हिशोब आमच्याकडे इतका गृहीत धरलेला असतो की त्यावर कुणी बोलतही नाही. त्या शेअरची कागदपत्रं वाचताना अण्णांचं वाक्य आठवलं आणि त्यांचा नियम आला कुठून, हे शोधायला लागलो.

माग उत्तर इंग्लंडमधल्या रॉचडेल या गिरणीच्या गावी जातो. तिथल्या फ्लॅनेल विणकरांची मजुरी घसरत होती, संप फसले होते. दुकानदार उधारी द्यायचे आणि त्या बदल्यात भेसळीचं पीठ माथी मारायचे. उधारी डोक्यावर असलेला माणूस दुकान बदलू शकत नसे. १८४४ साली २८ जणांनी माणशी एक पौंड जमवून संस्था काढली आणि २१ डिसेंबरला टोड लेनवर दुकान उघडलं. माल म्हणजे थोडं लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या.

त्यांचे नियम वाचले की प्रत्येकामागे एकेक जुनी जखम दिसते. माल शुद्ध, वजन पूर्ण. व्यवहार रोखीनं, कारण उधारीनंच त्यांना बांधून ठेवलं होतं. भांडवलाला ठरावीक व्याज, त्याहून जास्त नाही. उरलेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. आणि शेअर कितीही असोत, माणशी एक मत. बाईलाही सभासद होता येत होतं. लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्यानं नवऱ्याची धरली जायची, तो हा काळ.

हेच नियम आपल्याकडे आले. १९५०-५१मध्ये प्रवरेचा कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकरी जमवले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे अध्यक्ष झाले. रॉचडेलला जितकी खरेदी तितका वाटा, इथे जितका ऊस तितका. बाकी गाभा तोच. अण्णांचं समाधान टोड लेनवरून आलेलं होतं, असं मला वाटलं. हा लेख इथे संपवता आला असता.

पण रॉचडेलची गोष्ट इथे संपत नाही. दुकान चांगलं चालल्यावर त्यातल्याच मंडळींनी १८५४ साली सहकारी कापड गिरणी काढली. भांडवलाचं व्याज वजा जाता उरलेल्या नफ्यात कामगारांनाही त्यांच्या मजुरीच्या प्रमाणात वाटा, असं ठरलं. गिरणी भरभराटली तशी शेअर घ्यायला रीघ लागली. या नव्या सभासदांतल्या बहुतेकांचा मागाशी संबंध नव्हता. १८६२ साली सभासदांनी बहुमतानं कामगारांचा वाटा बंद केला. यात कुणी घोटाळा केला नाही, मतपेटी पळवली नाही. विणकरांनी उभ्या केलेल्या चळवळीतून विणणाऱ्याचाच हिस्सा गेला, तोही रीतसर.

सहकाराची तत्त्वं पुढे अनेकदा नव्यानं लिहिली गेली. आंतरराष्ट्रीय सहकारी संघानं १९३७ साली एक यादी केली. १९६६ साली ती ज्या आयोगानं तपासली, त्याचे अध्यक्ष आपले प्रा. द. गो. कर्वे होते. खुलं सभासदत्व, लोकशाही कारभार, भांडवलाला मर्यादित व्याज, शिक्षण ही तत्त्वं राहिली आणि सहकारी संस्थांनी एकमेकींना साथ देण्याचं तत्त्व नव्यानं आलं. रोखीच्या व्यवहाराची अट मात्र गळाली. १९९५ साली मँचेस्टरला सात तत्त्वं ठरली. त्यातलं सातवं आहे भोवतालच्या समाजाविषयी आस्था.

या सातव्या तत्त्वाशी मी अडखळलो. दरवर्षी दिवाळीच्या आसपास आमच्या शेताच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहायच्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मुकादमाकडून उचल घेऊन आलेले, ती फिटेपर्यंत बांधलेले. कारखाना त्यांच्या कोयत्यावर चालतो. पण ते सभासद नाहीत, कारण सभासद तो ज्याच्या रानात ऊस आहे. कागदोपत्री ते बहुधा कारखान्याचे कामगारही नसतात, मुकादमाची माणसं असतात. रॉचडेलच्या विणकरांना ज्या उधारीतून सुटायचं होतं, ती आमच्या बांधावर उचल या नावानं हजर होती.

माझ्या कामात कुठलीही प्रणाली लिहिताना आधी ठरवावं लागतं, वापरणारा कोण. ते चुकलं तर पुढचे सगळे नियम बिनचूक असूनही उपयोग नसतो. माणशी एक मत हा नियम मला आजही थोर वाटतो. लहान शेतकऱ्याला त्यानं मान दिला, माझं शिक्षण त्याच उसाच्या बिलावर झालं. फक्त ‘माणशी’ या शब्दात कोण येतं, हे तो नियम स्वतः सांगत नाही. ते आधीच आत असलेली माणसं ठरवतात. रॉचडेलच्या गिरणीत ती नवे शेअरवाले होती, आमच्याकडे ती आम्ही होतो.

दिवाळीला अण्णा सभासदांची सवलतीची साखर घेऊन यायचे. आई त्यातली वाटीभर कोप्यांवर पाठवायची, ती घेऊन मीच जायचो. तिथे माझ्याच वयाचा एक मुलगा असायचा. त्याच्या हातात वाटी देताना मला आपण फार चांगले आहोत असं वाटायचं. तो माझ्याआधी उठून त्याच साखरेचा ऊस बांधावर ओढत होता, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.